देशाची सुरक्षा म्हणून आपण किती सोडायचं? (पुतण्याच्या बाँडच्या निमित्ताने)

मलप्रभाकाठ

मंडळी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, नोकरीला बेळगावात.

माझा पुतण्या वीस वर्षांचा आहे. डिप्लोमा झाला, आता अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे पळतो. गेल्याच्या आदल्या वर्षी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या (सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या) सायकल फेरीत मित्रांबरोबर गेला होता. घोषणा दिल्या, घरी आला. ना दगड, ना कुणाशी बाचाबाची. तेव्हापासून १ नोव्हेंबर जवळ आला, आणि पुढे डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटकच्या विधानभवनात, अधिवेशन भरायची वेळ झाली, की ठाण्यातून निरोप येतो. जाऊन बसायचं, शांतता राखीन म्हणून लिहून द्यायचं, सोबत जामीनदार न्यायचा. कागद सगळा कन्नडमध्ये. पोरगा कन्नड बोलतो, पण सरकारी कागद वाचताना अडतो.

त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत. ते म्हणतात, "हद्दीवरचा मुलूख आहे, एक ठिणगी पडली तर सगळं पेटतं. पोलिसांनी खबरदारी घेतली तर बिघडलं काय? सही कर आणि पळायला जा."

मला हे सहन होत नाही. ज्याला देशासाठी बंदूक हातात घ्यायची आहे त्यालाच शांततेला धोका म्हणून कागदावर चढवायचं? यावरून भावाशी बोलणंही तुटक झालंय. त्यात भरतीला पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, त्याची धास्ती वेगळी.

देशाला धोका आहे, शांततेला धोका आहे, असं सांगून आपल्यावर बंधन येतं तेव्हा ते कुठवर मानायचं? आणि कुठे थांबून "हे नाही" म्हणायचं? फक्त माझ्या पुतण्याचं नको, एकूणच सांगा.

खडेबाजारकर

तुमच्या भावाचं बरोबर आहे. माझं कापडाचं दुकान. निम्मं गिऱ्हाईक चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडचं. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं, बस थांबल्या. लग्नसराईचे दिवस आणि दुकानात चिटपाखरू नाही. चौकाचौकात पोलिस उभे होते म्हणून शटर तरी उघडता आलं. शांतता असेल तर हक्काचं बोलायचं. पोराला सही करू द्या.

येळ्ळूरचा_गडी

दगड मारणारा एक आणि बाँड देणारा दुसराच, ह्याला खबरदारी म्हणायचं होय? २०१४ ला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या पाटीवरनं आमच्या गावात काय झालं ते सगळ्या मुलखानं पाहिलं. तेव्हापासून आमच्याकडं पोरगं मराठीत चार ओळी मोठ्यानं बोललं तरी आई आत ओढती. असली शांतता कुणाला पाहिजे?

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर इथे आधीच बरेच धागे आहेत, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्यावरही वेगळा धागा आहे. इथे सुरक्षा आणि नागरिकाचे हक्क एवढंच बोलूया. कन्नड विरुद्ध मराठी असे प्रतिसाद उडवले जातील.

सुभेदार_निवृत्त

मलप्रभाकाठ, तुमच्या भावाचा मी गाववाला नसलो तरी पलटणवाला आहे, म्हणून लिहितो.

सुरक्षेसाठी हक्क सोडावे लागतात, हे आम्ही भरती झालो त्या दिवशी मान्य केलं. घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदातच लिहिलंय की फौजेतल्या माणसाचे मूलभूत हक्क संसद कमी करू शकते. युनियन नाही, मोर्चा नाही, वर्तमानपत्रात लिहायचं तर परवानगी. २०२० साली ८९ ॲप फोनमधून काढायला लावले, जवानांनी काढले. कुरकुर झाली असेल, पण कारण समजत होतं.

सिव्हिलमध्येही काही बंधनं लागतातच. २६/११ ला मुंबईत चॅनेलवाले कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होते आणि आत बसलेल्यांना बाहेरून फोनवर सगळं सांगितलं जात होतं. कसाबच्या निकालात, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. चॅनेलचं स्वातंत्र्य जवानाच्या जिवापेक्षा मोठं नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांतही लष्करी हालचाली थेट दाखवू नका असं सरकारने सांगितलं. ते बरोबरच होतं. कॅम्पात किंवा सांबऱ्याला विमानतळाच्या कुंपणाजवळ कुणी ड्रोन उडवायला लागला आणि त्याला धरलं, तर मी पोलिसांच्या बाजूने उभा राहीन.

आता दुसरी बाजू. मी ईशान्येत होतो, आफ्स्पा लागू असलेल्या भागात. त्या कायद्याने हातात खूप अधिकार येतो. पण खबर कुठून येते, ते कायदा सांगत नाही. ज्या गावात झडती घेताना म्हाताऱ्याकोताऱ्यांचा मान राखला जायचा, त्या गावातून रात्री-अपरात्री माणूस येऊन सांगायचा की जंगलात कोण उतरलंय. जिथे उगाच पोरं उचलली गेली तिथून सहा-सहा महिने एक शब्द बाहेर यायचा नाही, आणि गस्तीला जाताना तीच वाट सगळ्यात धोक्याची असायची. डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडात ओटिंगला खाणीतून घरी परतणारे मजूर अतिरेकी समजून मारले गेले. त्यानंतर त्या भागात आमच्यासारख्या वर्दीवाल्याला पाण्याचा तांब्या कोण देणार?

फौजेत बंधन येतं ते लेखी हुकमाने येतं. खाली सही असते, हुद्दा असतो. तुमच्या पुतण्याच्या कागदावर काय कारण लिहिलंय, ते आधी बघा.

निपाणीकर

सुभेदार साहेब, शेवटच्या दोन ओळींसाठी सलाम.

जरा बाजूला जातो. कोगनोळीचा नाका आठवतो का २०२१ चा? महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटी-पीसीआर दाखवल्याशिवाय आत सोडत नव्हते. आमच्याकडं रान अलीकडं आणि घर पलीकडं असलेली माणसं आहेत. म्हैस काही रिपोर्ट दाखवत नव्हती, ती रोज हद्द ओलांडून चरून यायची. 😀 माणसं मात्र नाक वर करून उभी. तरी लोकांनी ते सोसलं. आदेश पेपरात छापून आला होता, कारण डोळ्यांसमोर होतं, आणि साथ ओसरली तसा नाका उठला.

बंधनाचा राग नाही येत हो. ते का घातलं आणि कधी उठणार हे कुणीच सांगत नाही, त्याचा येतो.

टिळकवाडी_वकील

मूळ प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

राममनोहर लोहियांना १९६५ मध्ये पाटण्यात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला सप्टेंबर १९६५ मध्ये, म्हणजे पाकिस्तानशी युद्ध चालू असताना. त्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं काढायला सांगितली. सगळ्यात मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आतलं, लहान, राज्याच्या सुरक्षेचं. दोन माणसांची मारामारी पहिल्या वर्तुळात पडते, पण म्हणून ती दुसऱ्यात येत नाही. गावात दंगल झाली तर दुसऱ्यात येते, तरी प्रत्येक दंगल देशाच्या सुरक्षेवरचा घाला नसतो. लोहियांच्या आदेशात "कायदा आणि सुव्यवस्था" असं लिहिलं होतं, आणि नियम त्यासाठी स्थानबद्धतेची परवानगी देत नव्हता. लोहिया सुटले. ऐन लढाईत!

आपल्याकडे गडबड होते ती इथेच. धाक आतल्या वर्तुळाचा दाखवायचा आणि प्रकरण बाहेरच्या वर्तुळातलं. सायकल फेरीतल्या घोषणा फार तर बाहेरच्या वर्तुळात येतील, त्याही वाहतूक अडली तर.

आता बाँड. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १०७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. हा बाँड मागण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा. तालुक्याला साधारण तहसीलदार, आणि शहरात आयुक्तालय असल्यामुळे पोलिसांतलेच वरिष्ठ अधिकारी. त्याने कलम १३० खाली लेखी आदेश काढावा लागतो. कोणती माहिती मिळाली तिचा सारांश, रक्कम किती, मुदत किती, जामीनदार किती, हे सगळं त्यात हवं. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. चौकशी सहा महिन्यांत संपली पाहिजे. मधू लिमयांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ही कलमं वैध ठरवली, पण चौकशी सुरू केल्याशिवाय तात्पुरता बाँडसुद्धा मागता येत नाही, असंही सांगितलं.

म्हणून ठाण्यात बसवून कोऱ्या छापील कागदावर घेतलेली सही आणि कलम १२६ चा बाँड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुतण्याचं नेमकं काय झालंय ते आदेशाची प्रत बघितल्यावरच कळेल. एक इशारा: रीतसर आदेश झाला असेल तर बाँड द्यायचं नाकारू नका, त्यात कैद होऊ शकते. आदेशाला आव्हान द्या.

खडेबाजारकर

वकीलसाहेब, कोर्टात हे ठीक आहे. रस्त्यावर जमाव उभा असताना अधिकारी सारांश लिहीत बसला तर तोवर बाजार जळून जाईल. नंतर कोर्ट निकाल देईल, माझं दुकान परत देईल का?

टिळकवाडी_वकील

खडेबाजारकर, त्यासाठीही कायद्यात सोय आहे. तातडी असेल तर जमावबंदीचा आदेश (जुनं १४४, आता १६३) समोरच्याचं न ऐकता काढता येतो. दखलपात्र गुन्हा करायला निघालेल्याला कलम १७० खाली आधीच ताब्यात घेता येतं, पण चोवीस तासांपर्यंत. म्हणजे तुमचं दुकान वाचवायला लागतात तेवढे अधिकार पोलिसांकडे आहेत. मुद्दा एवढाच की नंतर तरी हिशोब द्यावा लागतो.

आपल्याच उच्च न्यायालयाचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरोधातल्या निदर्शनांच्या आदल्या दिवशी बंगळूरात १४४ लावलं. आधी काही सभांना परवानगी दिली होती, तीही गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने तो आदेश बेकायदेशीर ठरवला. अधिकाऱ्याने स्वतः विचार करून कारणं नोंदवली पाहिजेत, नुसत्या पोलिस अहवालाची नक्कल चालत नाही.

शहापूरच्या_बाई

मी इतिहास शिकवत होते, आता निवृत्त. बाँडची गोष्ट निघाली आणि कुणालाच लोकमान्यांची आठवण झाली नाही, म्हणून लिहायला बसले.

एप्रिल १९१६ च्या शेवटी होमरूल लीगची स्थापना आपल्या बेळगावात झाली. १ मे ला टिळकांनी इथे भाषण केलं, पुढे नगरला दोन केली. या तीन भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागितला. नोटीस आली ती २३ जुलैला, त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार, एका वर्षासाठी, असा हुकूम केला. कलम १०८. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं, म्हणजे "साम्राज्याची सुरक्षा" हे कारण सरकारच्या हाताशी तयारच होतं. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी हुकूम रद्द केला. राज्यकारभारात बदल मागणं म्हणजे राजद्रोह नव्हे, हे परक्या सत्तेच्या न्यायालयानेसुद्धा मानलं.

ते कलम आजही आहे, नव्या संहितेत फक्त आकडा बदलून १२७ झालाय. खडेबाजारकर, तुमच्या भीतीला मी कमी लेखत नाही, माझाही जन्म बाजारपेठेतलाच. पण सही केली तर काय झिजतं, असं टिळकांना कुणी म्हटलं असतं तर?

येळ्ळूरचा_गडी

बाई, हे शाळेत का न्हाई शिकवलं ओ आम्हाला? बेळगावातलं भाषण हाय म्हणजे आमच्या पाच-सात मैलांवरचं.

शहापूरच्या_बाई

मी शिकवत होते रे. तू मागच्या बाकावर असशील. 🙂

धारवाड_मेल

एकतर्फी चाललंय, म्हणून वेगळं बोलतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात विचारवंत पानसरेंना गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये धारवाडात लेखक-संशोधक कलबुर्गी सरांना, त्यांच्या घराच्या दारात. सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळूरात पत्रकार गौरी लंकेश यांना. आपण बेळगावकर या शहरांच्या बरोबर मधे बसलोय. लंकेश प्रकरणात विशेष पथकाने धागे जुळवले, आणि कलबुर्गी सरांना ज्या पिस्तुलातून गोळ्या घातल्या त्यातूनच लंकेश यांना घातल्या, असं तपासात पुढे आलं. संघटित गुन्हेगारीचा कडक कायदा लावला म्हणून कटामागची टोळी समोर आणता आली. फोन कुणी कुणाला केला, खोली कुणी भाड्याने दिली, ही पाळत नको म्हणाल तर पुढचा कलबुर्गी कोण वाचवणार? बोलण्याचं स्वातंत्र्य टिकायला बोलणारा जिवंत राहायला हवा. माझ्या लेखी कडक कायदा हेच नागरी स्वातंत्र्याचं संरक्षण आहे.

कॅम्पातला_जुना

धारवाड_मेल, तुमची तळमळ समजते. पण माझ्या तरुणपणी मिसा होता, खटल्याशिवाय डांबून ठेवायचा कायदा. तोही १९७१ मध्ये अंतर्गत सुरक्षेसाठी म्हणूनच आला. जून १९७५ मध्ये वाजपेयी, अडवाणी संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरात होते, तिथेच त्यांना उचललं. त्यांच्या पाठोपाठ नाव कुणाला ठाऊक नाही अशी हजारो माणसं गेली, शिक्षक, कामगार, कॉलेजची पोरं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयात येताच येणार नाही. न्या. खन्ना एकटे विरोधात राहिले, त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं झालं, आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात तो जुना निकाल चुकीचा ठरवला गेला. तोवर चाळीस वर्षं गेली. आमच्या आळीतले एक गुरुजी तुरुंगातून आले ते पुन्हा कुणाच्या सभेला गेले नाहीत. शांत झाले, सरकारला हवे होते तसे.

शहापूरच्या_बाई

धारवाड_मेल, कलबुर्गी सरांच्या मारेकऱ्यांमागे पाळत हवीच. तिथे खून झालाय, आरोपपत्र आहे, न्यायाधीश आहे, आरोपीला वकील आहे. पुतण्याच्या बाबतीत गुन्हाच नाही. दोघांना एका तागडीत घालू नका. टाडा आठवा: पंजाबातल्या दहशतवादासाठी आला आणि कुठल्या कुठल्या राज्यांत लावला गेला. शेवटी १९९५ मध्ये मुदत संपली तेव्हा तो वाढवायला कुणी पुढे आलं नाही. आताच्या यूएपीएमध्ये (दहशतवादविरोधी कायद्यात) तर आरोपपत्रालाच १८० दिवस मिळू शकतात आणि जामीन जवळपास बंद. खटला चालतच नसेल तर जामीन देता येतो हे सांगायला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नजीब प्रकरणात निकाल द्यावा लागला.

धारवाड_मेल

बाई, टाडाबद्दल मान्य. पण कडक कायदा ठेवायचा आणि वापरणाऱ्याला वेसण घालायची, असं माझं मत. कायदाच नको, हे मला पटणार नाही.

फौजीची_बायको

मी एरवी नुसती वाचते, आज लिहिते.

ऑगस्ट २०१९ मध्ये माझे मिस्टर काश्मीरमध्ये होते. ४ तारखेच्या रात्री तिथले फोन, नेट सगळं बंद झालं. कित्येक दिवस त्यांचा आवाज नाही. सासूबाई देवापुढे बसून, मी टीव्हीपुढे. तरीही मी तेव्हा म्हटलं, नेट बंद केल्याने माझा माणूस सुखरूप राहणार असेल तर राहू दे बंद. आजही पहिल्या काही दिवसांबद्दल मी तेच म्हणेन.

पण पोस्टपेड मोबाईल सुरू झाले ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि फोर-जी परत आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. दीड वर्ष! मिस्टरांनी नंतर सांगितलं, त्यांच्या चौकीजवळ एक मेडिकल स्टोअरवाले काका होते, औषधांची ऑर्डर द्यायला गावोगाव हिंडायचे. त्यांच्या मुलीचा ऑनलाइन फॉर्म राहिला. मिस्टर म्हणाले, काका आधी हात करायचे, नंतर मान खाली घालून जायला लागले. सुभेदार काका म्हणतात ते हेच.

जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर निकाल आला की नेटबंदी बेमुदत ठेवता येणार नाही, आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, ठरावीक काळाने फेरविचार झाला पाहिजे. आता एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांपेक्षा जास्त नसते. मला हा निकाल सैन्याच्या विरोधातला वाटला नाही. माझा नवरा रोज त्याच रस्त्यावरून जाणार होता, तिथली माणसं रागावलेली नसणं हेसुद्धा त्याचं चिलखतच.

सुभेदार_निवृत्त

बेटा, खूप नीट लिहिलंस. मिस्टरांना जय हिंद सांग.

गोकाककडचा

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड. मराठी शेजाऱ्यांत वाढलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

हे फक्त मराठी पोरांवर होतं असं समजू नका. महादायीचं पाणी तुमच्या खानापुरातल्या कणकुंबीकडचं, त्यासाठी आमचे शेतकरी नरगुंद-नवलगुंदला किती महिने बसले होते. जुलै २०१६ मध्ये लवादाचा निकाल विरोधात गेला, लोक भडकले, आणि मग यमनूर गावात पोलिसांनी घरात शिरून बायका-म्हाताऱ्यांना मारलेलं टीव्हीवर सगळ्या राज्याने पाहिलं. ते कन्नड बोलणारे होते, पोलिसही कन्नड बोलणारे. अधिवेशनाच्या वेळी ऊस उत्पादक, अंगणवाडीच्या बाया, सगळ्यांना सुवर्णसौधपासून लांब अडवतात. हा प्रश्न भाषेचा कमी, मागणाऱ्याचा जास्त.

दुसरी गोष्ट अफवांची. मे २०२५ मध्ये कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर देशाला माहिती देत होत्या. त्यांचं सासर आपल्या जिल्ह्यात. तेव्हा त्यांच्या घरच्यांवर हल्ला झाला अशी खोटी पोस्ट कुणीतरी टाकली. विचार करा, त्या दिवसांत ती खरी मानून लोक रस्त्यावर आले असते तर? जिल्हा पोलिसांनी लगेच सांगितलं की असं काही घडलेलं नाही, पोस्ट खोटी आहे. संपलं. नेट बंद नाही, जमावबंदी नाही. खरी माहिती वेळेवर देणं हीसुद्धा सुरक्षाच. त्या दिवशी मला आमच्या पोलिसांचा अभिमान वाटला.

येळ्ळूरचा_गडी

यमनूरचं मला ठाऊक न्हवतं. एवढं जवळ असून.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न राहिलेत. एक, अग्निवीरच्या फॉर्ममध्ये हे बाँड प्रकरण लिहायचं की नाही? एका एजंटाने सांगितलं, लिहू नका, कुणाला कळत नाही. दोन, कन्नड नोटीस समजली नाही, याला काही अर्थ आहे का?

टिळकवाडी_वकील

एजंटाचं अजिबात ऐकू नका. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पडताळणी फॉर्ममध्ये विचारलेली माहिती खरी द्यावी. किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्याने ते समजून घ्यावं. पण लपवलं तर लपवणं हाच मोठा दोष ठरू शकतो. फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा: अटक झाली का, गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली का, असं वेगवेगळं विचारतात. बाँडची कार्यवाही म्हणजे शिक्षा नव्हे. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या आणि आदेशाची प्रत जोडायला तयार ठेवा.

भाषेबद्दल: स्थानबद्धतेच्या बाबतीत हरिकिसन खटल्यात १९६२ सालीच ठरलंय की कारणं त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, नाहीतर त्याला बाजू मांडायची संधी मिळालीच नाही असं होतं. बाँडचं प्रकरण स्थानबद्धतेइतकं गंभीर नाही, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागेल असं मी म्हणणार नाही. पण तत्त्व मांडता येईल. पहिल्या तारखेलाच लेखी अर्ज द्या की आदेश समजत नाही, मराठी भाषांतर मिळावं. अर्जाची पोच घ्या.

खडेबाजारकर

माझं मत अजून तेच. पुतण्याच्या जागी माझा मुलगा असता तर मी सही करून भरतीला पाठवला असता. नोकरी लागल्यावर तत्त्वं सांभाळायला वेळ मिळतो. पण कारण न लिहिता दरवर्षी तेच पोर बोलवायचं, हे बरोबर नाही, एवढं मलाही दिसतं. दंगल करणारे आम्हा दुकानदारांना तोंडपाठ आहेत. त्यांना बोलवा की.

सुभेदार_निवृत्त

मलप्रभाकाठ, भावाचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात द्या. आम्ही दोघं बोलू. पलटणीत त्यांनीही बिनसहीचा हुकूम कधी पाळला नसेल.

गोकाककडचा

नोटिशीचा फोटो निरोपातून पाठवा, नाव-पत्ता झाकून. मी आज रात्री मराठीत उतरवून देतो. कायद्याचे शब्द अडले तर वकीलसाहेब आहेतच.

मलप्रभाकाठ

पाठवला. पहिल्या पानावर तहसील कचेरीचा शिक्का आहे. दुसऱ्या पानावर कारणाच्या जागी काहीतरी छापील आहे, आणि तिथे हाताने फक्त नाव भरलंय असं दिसतं.

गोकाककडचा

वाचलं. छापील मजकूर असा: "सदर इसम शांतताभंग करण्याची शक्यता आहे." तारीख नाही, घटना नाही, कोणी माहिती दिली ते नाही. मुदत सहा महिने लिहिली आहे.

टिळकवाडी_वकील

मग सारांश म्हणून काहीच नाही. सोमवारी कचेरीत जाऊन पूर्ण फाइलच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, पोलिस अहवालासकट. मागच्या वर्षीचीही मागा. दोन्ही वर्षांचा मजकूर शब्दशः एकच निघाला तर बंगळूरचा २०२० चा निकाल पहिल्या पानावर लावून सत्र न्यायालयात पुनरीक्षण दाखल करू. मुदतीचं बघावं लागेल, म्हणून उशीर नको. फीचं नंतर बघू.